वाळत घातलेल्या वाकळा

लेकीचा फोन आला तेव्हा आई उंबऱ्यात बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होती. लेक पुण्यात नोकरीला आहे. आईला नीट ऐकू यावं म्हणून मी फोनचा आवाज मोठा केला.

"आज्जी, इथं गोधड्यांचं प्रदर्शन लागलंय. जुन्या गोधड्या आहेत, आणि नव्या चित्रकारांनी कापडावर केलेली कामं पण आहेत. रविवारी पप्पांबरोबर ये. मी दाखवते."

आईनं हातातल्या शेंगेचा दोर ओढून काढला आणि विचारलं, "गोधड्या म्हंजे वाकळाच न्हवं?"

"हो, वाकळाच."

"मग त्या बघाया पुण्याला कशाला? माळ्यावर सात पडल्यात. तूच ये बघाया."

पण नातीची खोली बघायची तिची इच्छा होती. पोरगी काय खाते, कुठं झोपते, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. म्हणून वाकळांच्या निमित्तानं ती तयार झाली. मी मात्र मनातून तयार नव्हतो. वाकळीचा विषय आमच्या घरात निघाला, की मी काहीतरी काम काढून बाहेर जातो. वीस-एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्याचं कारण पुढं सांगतो.

2024 सालचा भादवा होता. सकाळच्या गाडीनं आम्ही दहिवडीहून निघालो. आई ब्याऐंशी वर्षांची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट. कंडक्टरनं तिचं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि माझं पूर्ण पैशाचं. आईनं दोन्ही तिकिटं हातात घेऊन शेजारी शेजारी धरली. तिला वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येतं. "तुझ्यापरीस माझंच बरं हाय," म्हणाली, आणि आपलं तिकीट कनवटीला खोचलं. फलटण, लोणंद, जेजुरी करत गाडी सासवडच्या पुढं दिवे घाटाला लागली. घाट हिरवागार झाला होता. खाली मस्तानी तलाव भरलेला दिसला. आमच्या माणदेशात पाऊस नेहमीसारखा चकवून गेलेला. आई खिडकीतून तलावाकडं वळून वळून बघत राहिली. म्हणाली, "येवढ्या पाण्यात गावाच्या वाकळा धुऊन निघतील."

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आलेली. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या लहानपणी बायका वाकळांची ओझी डोक्यावर घेऊन पाणी असेल तिथं जायच्या. माणगंगेला पाणी असलं तर नदीवर, नसलं तर कुणाच्या तरी विहिरीवर. भिजलेली वाकळ एका बाईच्यानं उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून पिळायच्या. मग खडकांवर, बाभळीवर, बांधावर रंगीबेरंगी वाकळा पसरायच्या. त्या दिवशी माळ बघावा, गावातल्या सगळ्या घरांची कापडं एकदम उघड्यावर आलेली असायची. कुणाची वाकळ सात थरांची, कुणाची दोन पदरांची, कुणाची ठिगळाला ठिगळ, हे साऱ्या गावाला कळायचं.

कलादालनात शिरल्याबरोबर अंगाला गार हवा लागली. आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. पांढऱ्याशुभ्र भिंती, वरून सोडलेले दिवे, आणि भिंतींवर उभ्या टांगलेल्या गोधड्या. माणसं हात पाठीमागं बांधून हळू चालत होती, देवळात चालतात तशी. आई दारातच थबकली. सगळीकडं नजर फिरवून तिनं नातीला विचारलं,

"ह्या वाळत घातल्यात व्हय?"

लेक हसली. शेजारची दोन माणसंही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आईचं काही चुकलं नव्हतं. जन्मभर तिनं वाकळ उभी बघितली ती वाळत घातलेलीच. एरवी वाकळ आडवी असते. खाली असते किंवा अंगावर असते.

लेकीनं तिला पहिल्या गोधडीपुढं नेलं. खाली पुठ्ठ्याची पाटी होती. मी वाचून दाखवली: पश्चिम महाराष्ट्र, सुती कापड, हातशिलाई, कारागीर अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?"

"कुणी शिवली ते माहीत नाही."

"म्हाईत न्हाय? लिवलंय की समदं हिच्यावर." असं म्हणून आई पुढं सरकली. 'कृपया स्पर्श करू नये' अशी पाटी होती. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "हात लावीत न्हाय. बोट दावते."

आणि तिनं ती वाकळ वाचायला सुरुवात केली.

"ही दोघींनी शिवलीया. पयली डावरी व्हती. फेरा बघ, उलटा आलाय." वाकळ शिवताना बाई कोपऱ्यापासून धरते, काठाकाठानं धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरते आणि फेरे घेत घेत मधोमध येते. उजव्या हाताच्या बाईचा फेरा एका अंगानं जातो, डावऱ्या बाईचा दुसऱ्या. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, जन्मल्यापासून वाकळीवर झोपलो, पण कधी टाक्याची दिशा बघितली नव्हती.

"हितपातूर तिचा हात. टाका मोठा हाय, दिसत नसंल तिला. हितनं पुढं दुसरी. बारीक टाका. सासूनं धरली आन् सुनंनं पुरी केली."

"सासू-सूनच कशावरून गं आज्जी? शेजारणी असतील."

"शेजारीण दुसरीच्या टाक्याला हात लावत न्हाय. ही बघ, म्हातारीच्या मोठ्या टाक्यांवरनं परत बारीक टाका घालून गेलीया. सासूचं झाकाया बघती. सासू गेल्यावर घातला आसंल. जिती आसती तर घालू दिला नसता."

आता आमच्याभोवती चार-पाच माणसं जमली होती. आईला त्याचा पत्ता नव्हता. ती एकेका तुकड्यावर बोट धरत होती. हे इरकली लुगडं, ह्याचे काठ आधी उसवून घेतलेत. हे धोतर, पुरुषमाणूस उंच असणार. हे चोळखण. हे लहान लेकराचं कुंचीचं कापड. मग ती मागं सरली, मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "ही उलटी टांगलीया."

प्रदर्शनाची व्यवस्था बघणारी एक मुलगी जवळच होती. ती पुढं आली. "आजी, कशी काय उलटी? दोन्हीकडून सारखीच आहे ना?"

"सारखी कशी? वर बघ, कापड इरलंय. त्ये पायगत. झोपंत माणूस टाच घासतो. आन् ह्ये खालचं उसं. काळपट दिसतंय बघ, डोसक्याचं त्याल लागलंय. तुमी त्येचं डोसकं खाली केलंय."

मुलीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग तिनं आपणहून आईला विचारलं, की मध्ये जिथं फाटलंय तिथून दुसराच रंग दिसतो, ते कशामुळं? आईनं डोळे बारीक करून बघितलं. "हिच्या पोटात दुसरी वाकळ हाय. जुनी. वाकळ इरली म्हणून कुणी टाकत न्हाय बाई. धड आसंल तेवढं ठेवायचं आन् नव्या वाकळंच्या पोटात घालायचं. ऊब त्येचीच आस्ती. न्हायतर येवढं कापड आणायचं कुठनं?"

पुढच्या दालनात नव्या कलावंतांची कामं होती. काही मला समजली नाहीत, खोटं कशाला सांगू. एकीनं नुसत्या करड्या कापडाचे पट्टे जोडून आभाळ केलं होतं. एकानं गोणपाटावर लाल दोऱ्यानं नांगरटीच्या ओळी काढल्या होत्या. आईला ते आवडलं, पण ओळी वाकड्या आल्या आहेत असं तिचं म्हणणं पडलं. "बैल नवं आसतील," म्हणाली. एका गोधडीची किंमत पाटीवर लिहिली होती, पाच आकडी. मी आईला सांगितली. तिनं विचारलं, "ही कुणी पांघरणार?" मी म्हणालो, "पांघरायची नाही, भिंतीला लावायची." ती काही बोलली नाही.

मधोमध एक मोठं काम तारेनं टांगलं होतं. दोन्ही बाजूंनी बघता यावं म्हणून भिंतीपासून लांब. आई सरळ त्याच्या पाठीमागंच गेली. वाकळ कुणीही दाखवली की ती आधी उलटी करून बघते. शिवणारणीचा हात उलट्या बाजूला कळतो, सुलटी कुणीही नीट करील, असं तिचं मत आहे. हे काम मुंबईच्या गिरण्यांवर होतं. गिरणीच्या कापडाच्या ताग्यावर काठाला छाप असायचे, त्या छापाचे जुने तुकडे गोळा करून एका तरुण मुलीनं ते ओळीनं जोडले होते. लांबून बघितलं की कौलारू छपरांच्या रांगा आणि धुराडी दिसायची. ती मुलगी तिथंच उभी होती. तिचे आजोबाही गिरणीत होते.

आई मागच्या बाजूला बराच वेळ उभी राहिली. मग तिनं मला हाक मारली. "दादा, हिकडं ये. ह्यो आपल्या गिरणीचा छाप हाय."

माझे वडील लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. आम्ही गावाकडं, ते मुंबईत. वर्षातून दोनदा यायचे, दिवाळीला आणि जत्रेला. येताना गिरणीतून स्वस्तात मिळणारे कापडाचे तुकडे आणायचे. आईनं ती गिरणी कधी बघितली नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांवर गिरणी कामगार बाहेर पडले. त्यांच्यासारखेच माझे वडीलही वाट बघून बघून शेवटी ट्रंक घेऊन गावी परत आले. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. 1996 ला ते गेले. आईला अक्षर येत नाही, पण त्या तुकड्यांवरचा छाप तिच्या डोळ्यांत बसलेला होता. अठ्ठावीस वर्षांनी नवऱ्याच्या गिरणीची खूण तिला अशी पाठमोऱ्या बाजूनं भेटली.

ती मुलगी आईशी बोलायला आली. "आजी, ह्यात काही ठिकाणी टाके मी मुद्दाम वाकडे घातलेत."

"मुद्दाम व्हय? मग बरं," आई म्हणाली. "आमचं आपापलं व्हतं." पोरगी मनापासून हसली. तिनं आईला वाकून नमस्कार केला. आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मी मात्र तिथून बाजूला झालो होतो. त्या गिरणीच्या कापडातूनच एक पिवळा तुकडा आमच्या घरी आला होता.

1971 ची दिवाळी. वडिलांनी पिवळ्यावर तांबडी फुलं असलेलं कापड आणलं. माझ्या धाकट्या बहिणीला त्याचा झगा शिवला. ती चार वर्षांची, मी आठ वर्षांचा. दुसऱ्या वर्षी दुष्काळ पडला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्हाला सुकडी मिळायची, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी. तो एकच झगा बहिणीनं वर्षभर घातला. थंडीत तिला गोवर आला. गोवर आत गेला असं बायका म्हणाल्या. आठ दिवसांत ती गेली.

उन्हाळ्यात आईनं वाकळ धरली. दिवसभर खडीवर, आणि संध्याकाळी दारात लुगडं अंथरून चारी कोपऱ्यांवर चार दगड ठेवून टाके घालत बसायची. गल्लीतल्या बायका रोज एकमेकींच्या वाकळीला हात लावायला यायच्या. ह्या वाकळीला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. झग्याचं पुढचं कापड तिनं बरोबर मधोमध घेतलं. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आई आत भाकरीचा चिमूटभर तुकडा ठेवते. वाकळ उपाशी राहू नये म्हणून. त्या वेळी तिनं तुकडा ठेवला, पुन्हा काढला, आणि त्याच्यावर गूळ लावून ठेवला. मी बघत होतो.

ती वाकळ पुढं माझ्याबरोबर 1981 ला साताऱ्याला डी.एड.ला गेली. पोरांकडं सोलापुरी चादरी होत्या. मी वाकळ घडी घालून गादीखाली टाकली आणि दोन वर्षं कुडकुडत काढली. पण ही माझी खरी चूक नव्हे. पोरवयात असं होतं.

खरी चूक 2003 ची. कर्ज काढून मी घर बांधायला काढलं. आमच्या आळीतलं ते तिसरं स्लॅबचं घर. उन्हाळा होता. पिलर उभे राहिले. गवंडी म्हणाला, "गुरुजी, पिलरला वलं गोणपाट गुंडाळायला पायजे, न्हायतर तडा जाईल." गोणपाटं कमी पडली. मी जुन्या घराच्या माळ्यावर चढलो, हाताला लागेल ते खाली टाकलं. त्यात ती वाकळ होती. गवंड्याच्या हाताखालच्या पोरानं ती फराफरा दोन जागी फाडली. फाडताना मधला पिवळा तुकडा मला दिसला. मी नाही म्हणालो नाही. दिसलाच नाही असं आजवर मी मनाला सांगत आलो, पण तो दिसला होता. माझ्या डोक्यात त्या वेळी सिमेंटचा भाव होता. पिलरवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. वास्तुशांतीला माणसं जेवून गेली. त्या दिवसांत आईचे कसलेतरी उपवास चालले होते. कसले, ते विचारायला मला सवड नव्हती.

लेक मला शोधत आली. "पप्पा, इकडं या. आज्जीला हे वाचून दाखवा, मला तिच्या भाषेत सांगता येत नाही."

दालनाच्या शेवटी भिंतीवर देशोदेशीच्या गोधड्यांची छायाचित्रं आणि माहिती होती. बंगालची कांथा होती. तिथल्या बायका जुन्या साड्या-धोतरं एकावर एक ठेवून शिवतात, आणि दोराही साडीच्या काठातूनच काढतात. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी होती. आफ्रिकेतून शतकांपूर्वी इकडं आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांची वाकळही काठापासून मध्याकडं येते, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आईनं कौतुकानं मान हलवली. "कोपरा मोकळा सोडू नये," एवढंच म्हणाली.

आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं गीज बेंड होतं. नदीच्या वळणात अडकलेलं गाव. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांची तिथं वस्ती. घरं थंडीत कुडकुडणारी, म्हणून बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात लागल्या, नंतर न्यूयॉर्कला गेल्या, आणि मोठमोठ्या चित्रकारांच्या कामाशी लोक त्यांची तुलना करू लागले. त्यातली एक गोधडी मिसूरी पेटवे नावाच्या बाईची, 1942 सालची. नवरा गेल्यावर तिनं त्याचे शेतातले कामाचे कपडे घेतले आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेऊन झोपता यावं, म्हणून आईनं ती शिवली, असं तिच्या लेकीनं पुढं सांगितलं.

हे सगळं मी आईला आमच्या बोलीत सांगितलं. फोटोतली गोधडी फिकट निळी, करडी, गुडघ्यांवर विरलेल्या विजारींची. आई तिच्याकडं बघत राहिली.

"कुठली बाई म्हणालास?"

"लांबची. समुद्रापलीकडची."

"तिला बी त्येच सुचलं," आई म्हणाली.

मला तिथं उभं राहवेना. बाहेर झाडाखाली बाकडं होतं. लेक चहा आणायला गेली. आई शेजारी बसली, चपला काढून पाय वर घेतले. मी तिच्याकडं न बघता म्हणालो, "आई, धाकटीच्या झग्याची वाकळ..."

पुढं शब्द फुटेना. एकसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन घेणारा, शाळेत चुकलेल्या पोराला उभं करावं तसा अडखळलो.

"पिल्लरला गुंडाळल्याली?" आई म्हणाली. "ठावं हाय मला."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिशी. पाणी माराया मीच येत व्हते की दुपारची. वल्या कापडातनं पिवळं दिसलं." ती थोडा वेळ गप्प बसली. "पोटात कालवलं माझ्या. दोन दिस घास उतरला न्हाय. तुला सांगितलं, उपास हाय."

मी खाली मान घातली. माफी मागायला शब्द शोधत होतो. आमच्याकडं लेक आईची माफी मागत नाही, तशी रीतच नाही. आई आपलं बोलत राहिली, काल भाजी कुठून आणली ते सांगावं तसं.

"तुमी पिल्लर मोकळं केलं तवा पोरांनी समदी गोणपाटं उकिरड्यावर टाकली. म्या वाकळंचं दोन्ही तुकडं उचलून आणलं. सिमेट लागून निम्मं फळकुटावानी ताठ झालतं. भिजत घातलं, दगडावर आपटलं, चार बाऱ्या धुतलं. निघालं न्हाय त्ये कापून टाकलं. मधलं धड व्हतं. मग त्ये मधी घालून नवी धरली."

"नवी कुठली?"

"हिरव्या काठाची. तुझ्या खाटंवर हाय ती."

हिरव्या काठाची वाकळ. वीस वर्षं मी तिच्यावर झोपतोय. बदली होऊन दोन गावं फिरलो, तीही माझ्याबरोबर फिरली. मी ती चारचौघांत कौतुकानं दाखवली आहे, आमच्या आईच्या हातची म्हणून.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू इचारलं न्हाईस," आई म्हणाली. "आन् बोलून काय? तुला झोप लागली नसती."

लेक तीन कप चहा घेऊन आली. आईनं कपात बोट बुडवून बघितलं, फार गरम नाही ना म्हणून. "काय चाललंय?" लेकीनं विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या बापाला वाकळंतलं काय बी कळत न्हाय, त्येच सांगतिया."

त्या रात्री लेकीच्या खोलीवर राहिलो. आईनं तिचं अंथरूण चाचपून बघितलं आणि फोमची गादी घामट असते असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी गावी परतलो. अंधार पडल्यावर घरी आलो, हातपाय धुतले आणि खाटेपाशी गेलो. हिरव्या काठाची वाकळ उचलली. दिव्याखाली धरली. वरचं लुगडं, खालचं लुगडं, मध्ये काय आहे ते दिसत नव्हतं. तळहातानं दाबत दाबत मधोमध गेलो. तिथं कापड जरा जाड लागलं. एके ठिकाणी बोटाला बारीक, कठीण काहीतरी लागलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. ते पाठीला कितीदा टोचलं होतं. दोऱ्याची गाठ असेल असं समजून मी कूस बदलून झोपायचो. ती गाठ नव्हती. माझ्या पिलरचं सिमेंट होतं, धुऊनही न निघालेलं.

कातर हाताशी होती. टाके उसवून पिवळा तुकडा एकदा बघावा असं वाटलं. पण आईचे ते टाके मला पुन्हा घालता आले नसते. वाकळ होती तशी अंथरली. झोप मात्र लवकर लागली नाही. आई खरं म्हणाली होती.

घटस्थापनेच्या तीन दिवस आधी घरातली वाकळ धुवायला काढली. सुनेनं माझी वाकळ मशिनीत टाकायला घेतली, तेव्हा मी ती तिच्या हातातून घेतली. अंगणातल्या नळाखाली दगडावर पसरली आणि पायानं तुडवून धुतली. आई पायरीवर बसून सांगत होती. इकडं साबण राहिला, तिकडं अजून पाणी घाल, मधी जोरानं आपटू नगं. पिळायला एकट्याच्यानं जमेना. मी एक टोक धरलं, आई उठली आणि तिनं दुसरं धरलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईच्या मनगटात तेवढा पीळ अजून होता.

मी वाकळ कंपाउंडच्या भिंतीवर टाकली. रस्त्यानं शाळेची पोरं चालली होती. सुलटी, रंगीत बाजू बाहेर यावी म्हणून मी ती नीट सरकवत होतो.

"उलटी टाक," आई पायरीवरून म्हणाली. "उन्हानं रंग उडतोय."